प्राण्याच्या मालकाचे नाव

इमारतीच्या सेक्रेटरींना कुत्रं चावलं ते मंगळवारी सकाळी पावणेआठला, आणि तेही त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या सूचनेखाली. सूचना अशी होती : 'आवारातील भटक्या कुत्र्यांना कोणीही खाऊ घालू नये, थारा देऊ नये, अगर त्यांच्याशी लाडाने बोलू नये.' यातलं शेवटचं कलम दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंसाठी होतं. त्या कुत्र्यांशी बोलत आणि सेक्रेटरींशी बोलत नसत.

चार टाचण्या टोचून झाल्यावर कागद सरळ लागलाय ना, हे पाहायला सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकले. पहिलं पाऊल फरशीवर पडलं. दुसरं पडलं फलकाखाली झोपलेल्या तांबूस कुत्रीच्या शेपटीवर. कुत्रीने डोळे पुरते न उघडताच त्यांच्या उजव्या पोटरीचा चावा घेतला, कूस बदलली आणि ती पुन्हा झोपी गेली. झोपेत आपण डास मारतो, तेवढीच दखल तिने घेतली. सेक्रेटरींना दातांपेक्षा ते जास्त लागलं.

अशा वेळी माणूस आधी ओरडतो. सेक्रेटरींनी आधी कोणी पाहिलं का ते पाहिलं. कोणी नव्हतं. मग ते ताठ मानेने जिना चढले, न्हाणीघरात शिरले आणि पँट वर करून बघतात तो काय, दोन बारीक भोकं आणि त्यातून येणारं रक्त. हाताशी होती ती अंगाला लावायची सुगंधी पावडर. ती त्यांनी जखमेवर मूठभर दाबली.

"लंगडताय का हो?" बायकोने विचारलं.

"पाय अवघडलाय."

"उभ्या उभ्या?"

"माणसाचा पाय कसाही अवघडू शकतो," असं म्हणून ते कचेरीत निघून गेले.

आता सेक्रेटरींचं खरं पद सेक्रेटरी नव्हे. ते परवाना कार्यालयात अर्ज तपासत. एकोणतीस वर्षं एकच काम : अर्जातला एकही रकाना रिकामा दिसला की अर्ज परत. लागू नसेल तर 'लागू नाही' लिहा, नसेल तर 'नाही' लिहा, पण रिकामा सोडू नका. एकदा एका गृहस्थांनी 'अविवाहित असल्यास कारण' हा रकाना मोकळा सोडला, म्हणून त्यांचा दुकानाचा परवाना चार महिने लोंबकळला. चौथ्या महिन्यात त्यांचं लग्न झालं आणि सगळा अर्जच नव्याने भरावा लागला. सेक्रेटरींच्या मते यात चूक गृहस्थांचीच होती.

कचेरीत त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "माझ्या एका मित्राला कुत्रं चावलंय. काय करावं त्याने?"

सगळं कार्यालय कामाला लागलं. एरवी अकराच्या आत ज्यांच्या हातून पेन उचललं जात नसे, तेही खुर्च्या ओढून आले. लेखापाल म्हणाले, जखमेत तिखट भरायचं, विष जळून जातं. टंकलेखिका म्हणाली, तिखट नाही, चुना. जावक विभागातल्या काकांचं म्हणणं, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची, तीही बेंबीभोवती गोल फिरून. शिपायाने तर एक माणूस स्वतःच्या डोळ्यांनी भुंकताना पाहिला होता. तो माणूस पुढे बरा झाला, पण आवाज बदलला म्हणे.

"उगाच काहीही सांगू नका," टंकलेखिकेने मोबाइल काढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "चावलेल्या जागी मुंग्या येतात. ताप येतो. मग पाणी पाहिलं तरी घशाला आचके येतात, नुसता वारा लागला तरी सहन होत नाही. आणि एकदा का लक्षणं दिसली, की मग इलाज नाही. जवळपास कोणीच वाचत नाही."

"कधी दिसतात लक्षणं?" सेक्रेटरींनी विचारलं. आवाज मित्राचा वाटावा एवढा लांबून आला.

"बहुतेकदा एक ते तीन महिन्यांत. कधी आधीच, कधी वर्षानेसुद्धा. पण त्याआधी लस घेतली तर माणूस वाचतो."

त्याच क्षणी सेक्रेटरींच्या पोटरीला मुंग्या आल्या. बसून बसून आल्या असतील, पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मित्र आजारी'.

सरकारी दवाखान्याच्या खिडकीत जो नोंदणी लिपिक बसला होता, त्याला पाहताच सेक्रेटरींच्या मनात आदर दाटून आला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, लाल पेन कानावर, आणि समोरच्या माणसाकडे न बघता अर्जाकडे बघण्याची तीच सवय. आपलाच माणूस. लिपिकाने 'प्राणिदंश नोंद' असा छापील कागद पुढे सरकवला. सेक्रेटरींनी एका दमात सहा रकाने भरले. सातवा होता, 'प्राण्याच्या मालकाचे नाव व पत्ता'.

"भटकी आहे हो," सेक्रेटरी म्हणाले. "मालक नाही."

"मग हा कागद चालणार नाही. बिनमालकी प्राण्याचा वेगळा असतो. मागच्या इमारतीत मिळेल, तीन वाजता. माणूस आला तर."

"'लागू नाही' लिहितो ना."

लिपिकाने पहिल्यांदाच मान वर केली. "प्राणी आहे, म्हणजे लागू आहे. रकाना रिकामा चालणार नाही, खोडाखोड चालणार नाही. मागे रांग आहे."

हे वाक्य सेक्रेटरींनी स्वतः किती हजार वेळा म्हटलं असेल, त्याची गणती नाही. समोरच्याला ते कसं लागतं, हे त्यांना एकोणतीस वर्षांत प्रथम कळलं. घड्याळात दीड वाजला होता. पोटरीला पुन्हा मुंग्या आल्या. दुसरा कोणी असता तर त्याने भांडण काढलं असतं, कागद तसाच टाकून सरळ डॉक्टरांच्या दारात जाऊन उभा राहिला असता. पण रिकामा रकाना पुढे सरकवणं सेक्रेटरींच्या हाताला जमतच नव्हतं. त्यांनी तिथे सुवाच्य अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. खाली पत्ताही लिहिला, सदनिका क्रमांकासकट. पुढच्या रकान्यात प्राण्याचं नाव हवं होतं. हाताला ज्या शब्दाची सर्वांत जास्त सवय होती, तो आपोआप उतरला : 'विनंती'. वय, अंदाजे तीन. लिंग, मादी.

लिपिकाने तपासलं, शिक्का मारला आणि म्हणाला, "वा. असे अर्ज हल्ली येत नाहीत." सेक्रेटरी एवढ्या दुखण्यातही सुखावले.

आतल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना नेमका अशा माणसांचाच कंटाळा आला होता. "हे पांढरं काय आहे?"

"पावडर. सुगंधी."

"जखमेला काय, समारंभाला जायचं होतं? चावल्या चावल्या साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. ते पहिलं औषध. आधी धुऊन या, मग बोलू."

धुवायची मोरी बाहेर, बोळात, कमरेएवढ्या उंचीवर. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी सेक्रेटरींनी एक पाय त्या मोरीत टाकला आणि दुसऱ्यावर तोल सांभाळत उभे राहिले. एका हातात साबण, दुसऱ्या हातात भिंत. समोरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. ते कधीचे टक लावून बघत होते. शेवटी म्हणाले, "ओळखलं नाहीत? माझा अर्ज तुम्ही तीनदा परत केलात."

सेक्रेटरींनी नळ मोठा केला.

"घड्याळ लावू का तुमचं? पंधरा मिनिटं सांगितली ना?" गृहस्थांनी मनगट पुढे केलं आणि दर मिनिटाला मोठ्याने आकडा सांगितला. नवव्या मिनिटाला म्हणाले, "त्या कोपऱ्यात साबण पोचला नाही. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल." सेक्रेटरींनी पुन्हा पहिल्यापासून केलं. एकूण चोवीस मिनिटं भरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकी स्वच्छ पोटरी त्यांनी नोकरीत पाहिली नव्हती.

मग त्यांनी सगळं समजावलं. पोटातली इंजेक्शनं गेली, आता लस दंडावर. आज एक, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. धनुर्वाताचं वेगळं. रक्त आलंय म्हणून जखमेतच आणि तिच्या भोवती सीरम टोचायचं, कारण लस अंगात मुरेपर्यंत तेवढाच आधार. "कुत्र्याच्या लाळेतून येतो हा आजार. कुत्री दहा दिवस धडधाकट राहिली तर समजायचं, चावली तेव्हा तिच्या लाळेत काही नव्हतं. पण तोवर वाट बघत बसायचं नाही, लस चालूच ठेवायची. आणि कुत्रीवर नजर ठेवायची. तुमचीच आहे ना?"

"हो," सेक्रेटरी म्हणाले. कागदावर होतंच तसं.

सीरमच्या वेळी ते जे ओरडले, ते कानावर पडताच बाहेर बसलेल्या गृहस्थांनी आनंदाने डोळे मिटले.

त्या दिवसापासून सेक्रेटरींचं आयुष्य बदललं. सकाळी उठल्याबरोबर ते गॅलरीतून वाकून फलकाखाली कुत्री आहे का ते बघत. आहे. श्वास चालू आहे. मग फुलपात्रात पाणी घेत, पाण्याकडे निरखून बघत, एक घोट घेत आणि घसा चाचपत. आचका नाही. मग पंखा पाचावर करून त्याखाली तोंड वर करून उभे राहत. सहन होतंय. हे झालं सकाळचं. दर अर्ध्या तासाने हीच तपासणी. कचेरीतला माठ ते एकटे संपवत. शेजारच्या आजींनी एकदा त्यांना दारात उभ्याने चार पेले पाणी पिताना पाहिलं आणि त्यांच्या बायकोला बाजूला घेतलं. "साखर आहे. आमच्या ह्यांना अशीच तहान लागायची." तळमजल्यावरचे निवृत्त हवालदार म्हणाले, साखर नाही, मूतखडा. दोन दिवसांत सेक्रेटरींच्या घरी कारल्याच्या रसाचे दोन आणि कुळथाच्या कढणाचा एक असे तीन डबे आले. सेक्रेटरींनी तिन्ही प्यायले. पातळ पदार्थ उतरतोय ना, एवढंच त्यांना बघायचं होतं.

बायकोने ती पँट धुतली होती, आणि पोटरीवरची दोन भोकं मोजायला फार शिक्षण लागत नाही. शुक्रवारी सेक्रेटरी "जरा मित्राला बघून येतो" म्हणाले, तेव्हा तिने अर्ध्या बाह्यांचा शर्ट काढून हातात दिला. "हा घाला. दंड मोकळा राहतो." सेक्रेटरींनी शर्ट घेतला आणि तिच्याकडे न बघता घातला. दारापर्यंत गेल्यावर त्यांना एकदम रडू येईल असं वाटलं. मग वाटलं, हेही लक्षणच असेल.

रविवारी दहा वाजता गच्चीच्या खोलीत सभासदांची बैठक होती. विषय एकच, भटकी कुत्री. विषय सेक्रेटरींनीच दोन महिन्यांपूर्वी ठरवलेला, पण आज ते कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन बसले होते. बोलत होते चेअरमन. चेअरमन म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन. यंत्रांच्या आवाजावर ओरडायची सवय लागलेली, ती यंत्रं गेली तरी सुटली नव्हती. "उद्या पालिकेची गाडी बोलवायची आणि ती तांबडी उचलून द्यायची! मुळापासून उपटून काढल्याशिवाय ही बला जायची नाही! हात वर करा!"

शिकवणीवाल्या बाई सोडून सगळ्यांचे हात वर झाले. सेक्रेटरींनी मनातल्या मनात दिवस मोजले. आज पाचवा. कुत्री उद्या गेली तर ती जगली की मेली, हे कोण सांगणार? लस चालू होती, डॉक्टरीणबाईंनी धीर दिला होता, हे सगळं खरं. पण रोज सकाळी ती कुत्री जांभई देताना दिसली, की त्यांच्या जिवात जीव येई. ती जांभई कोणी उचलून नेणार, या कल्पनेनेच त्यांचा घसा आवळला. त्यांनी घाईने पाण्याचा घोट घेतला. उतरला.

"सेक्रेटरी, तुमचा हात?" चेअरमन ओरडले.

तेवढ्यात दारात पालिकेचा निरीक्षक उभा राहिला. काखेत वही, गळ्यात ओळखपत्र. "सेक्रेटरी म्हणतात ते कोण? खाली सांगितलं, इथे आहेत. सुटीच्या दिवशी माणसं सापडतात म्हणून आलो. विनंती कुठे आहे?"

"आधी विषय सांगा, मग विनंती करा," चेअरमन म्हणाले.

"विनंती म्हणजे यांची कुत्री. वय तीन, मादी. माणसाला चावलीय, दहा दिवस निरीक्षणाखाली आहे. पाचव्या दिवसाची तपासणी. मालक हेच, चावलंही ह्यांनाच. स्वतःच्या सहीने लिहून दिलंय." त्याने वही उघडून सगळ्यांना दिसेल अशी धरली.

सगळे एकदम बोलू लागले. हवालदारांनी सूचनेचं पहिलं कलम म्हणून दाखवलं, दुसरं म्हणून दाखवलं. तिसरं शिकवणीवाल्या बाईंनी हवालदारांच्या तोंडून काढून घेतलं आणि एकेक शब्द चघळत म्हटलं. कोणीतरी म्हणालं, नियम करणाऱ्यानेच घरात कुत्रं पाळावं म्हणजे कमाल झाली.

सेक्रेटरी उठले. त्यांनी भाषणाची तयारी केली होती, पण तोंडातून आलं ते वेगळंच. "पाळलेली नाही. रकाना रिकामा ठेवता येईना, म्हणून माझं नाव लिहिलं. मंगळवारी मी तिच्या शेपटीवर पाय दिला, ती चावली. माझी लाज गेली असती म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही. आणि मला भीती वाटते. पाच दिवस झाले, मी पाणी पितो ते तहान लागली म्हणून नाही, तर अजून पिता येतंय का ते बघायला. तेव्हा तिला आणखी पाच दिवस राहू द्या. मग काय तो ठराव करा. माझा हात पहिला वर असेल."

कोणी हसलं नाही. आजी म्हणाल्या, "मग तो कारल्याचा रस का प्यायलात हो?" तेव्हा मात्र सगळे हसले आणि सेक्रेटरीही हसले. निरीक्षक म्हणाला, निरीक्षणाखालचा प्राणी तसाही उचलता येत नाही, तेव्हा ठराव करून उपयोग नाही. शिकवणीवाल्या बाई त्याला कुत्री दाखवायला खाली घेऊन गेल्या. जाताना सेक्रेटरींना म्हणाल्या, "तिचं नाव मी राणी ठेवलं होतं. पण विनंती चांगलं आहे."

बैठक मोडली. चेअरमन मात्र ठरावाचा कागद हातात धरून तसेच बसून होते. खोली रिकामी झाल्यावर ते सेक्रेटरींजवळ आले आणि, या इमारतीत कोणी ऐकलं नसेल इतक्या हळू, म्हणाले, "माझ्या एका मित्राला... तीन आठवड्यांपूर्वी..."

सेक्रेटरींनी त्यांच्याकडे पाहिलं. "कुठे चावलं?"

"मित्राला हो."

"मित्राला कुठे चावलं?"

चेअरमननी उजव्या हाताची बाही वर केली. मनगटाच्या वर चार काळसर खुणा होत्या आणि त्यांच्याभोवती चुन्याने भाजल्याचा डाग. तळ्याकाठी सकाळी फिरताना, अनोळखी कुत्रं. चालत आलं, चावलं, चालत गेलं. पुन्हा दिसलं नाही. घरी सांगितलं असतं तर फिरणं बंद झालं असतं, आणि फोरमनने कुत्र्याला भ्यायचं म्हणजे काय? चुना लावला आणि लांब बाह्यांचे शर्ट घालायला लागले. तेव्हापासून दिसेल त्या कुत्र्याचा राग येत होता.

"ताप आहे? मुंग्या? पाणी पिता येतं?" सेक्रेटरींनी स्वतःची बाटली त्यांच्या तोंडाशी नेली. चेअरमननी दोन घोट घेतले. उतरले. सेक्रेटरींनी बाटलीचं झाकण लावलं. स्वतःच्या घशाची त्यांना एवढी काळजी कधी वाटली नव्हती.

"उद्या सकाळी जाऊ," चेअरमन म्हणाले.

"आत्ता जायचं. तातडीचा विभाग रविवारीही उघडा असतो."

"अहो, तीन आठवडे झाले. आता काय उपयोग?"

"ते डॉक्टर सांगतील. चला म्हणतो ना!" सेक्रेटरी ओरडले, आणि चेअरमन चालू लागले.

डॉक्टरीणबाईंची रविवारची पाळी होती. त्यांनी हात पाहिला, तारीख विचारली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा पुसला गेला. "लक्षणं नाहीत ना? मग उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. सीरम आणि लस आजच. धुवायचं ते आत्ताही धुवायचंच." पडदा ओढला गेला. सेक्रेटरी बाहेर बाकावर चेअरमनचा चष्मा हातात घेऊन बसले. आतून फोरमनचा आवाज आला, जुना, यंत्रांवरून ऐकू जाणारा. दोन बाकं पलीकडे झोपलेलं एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. सेक्रेटरींना तो आवाज फार बरा वाटला.

अर्ध्या तासाने चेअरमन बाहेर आले. हाताला पट्टी, चेहरा पांढरा. बाकावर टेकले. "सेक्रेटरी, एक ऐका. घरी यातलं काही सांगायचं नाही. ह्या पुढच्या सगळ्या तारखा मी बघून घेतो. फिरायला जातो म्हणून निघायचं, टोचून घ्यायचं. तिला कळलं तर माझं बाहेर पडणं बंद करेल."

"बरं," सेक्रेटरी म्हणाले, आणि खिशातून फोन काढून नंबर फिरवला.

"कोणाला लावताय?"

"वहिनी, मी सेक्रेटरी बोलतोय. ह्यांना तीन आठवड्यांपूर्वी कुत्रं चावलंय. नाही, आता ठीक आहेत. आज पहिलं इंजेक्शन झालं, अजून चार राहिलीत. तारखा लिहून घेता का?"

पलीकडून जे काही आलं, ते बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. चेअरमननी डोळे मिटून घेतले. फोन ठेवल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसले. "आजपासून मी तुमच्याशी बोलणार नाही," ते म्हणाले.

"अठ्ठावीस दिवस बोलू नका," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा आवाज कापला, आणि या वेळी त्यांनी तो लपवला नाही. "पण माझ्याबरोबर यायचं. तारखेला, दारात उभं राहायचं. एकोणतिसाव्या दिवशी हवं तेवढं भांडू."